बाक हटवण्याची नोटीस

सरकारी भाड्याच्या घरांची ही इमारत मी सांभाळतो. बहात्तर कुटुंबं, पण जिन्यात समोरासमोर आली तरी सगळी मोबाइलमध्ये तोंड खुपसून जाणार. ओळखी व्हाव्यात म्हणून मी दोन वर्षं सभा बोलावल्या. दर वेळी एकटे निवृत्त पोस्टमनकाका यायचे, तेही सभागृहातला पंखा चांगला म्हणून.

शेवटी वैतागून मी नोटीस चिकटवली: 'खालचा बाक कोणीच वापरत नाही. येत्या सोमवारी काढून नेण्यात येईल.'

झालं! ज्या बाकाकडे कुत्रं फिरकत नव्हतं, त्यावर संध्याकाळी अकरा जण दाटीवाटीने बसलेले. "रिकामा दिसला तर उचलतील हो," म्हणत दुसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी चक्क पाळ्या लावल्या. वाळत घातलेल्या कपड्यांच्या पाण्यावरून चार वर्षं अबोला धरलेल्या दोन शेजारणी एकाच पाळीत आल्या, त्या पाळी संपली तरी उठायचं नाव घेईनात. सोमवार उलटला, बाक जागच्या जागी. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. मी चेहरा पाडून हार मानली आणि मनात म्हटलं, कसं बनवलं एकेकाला!

मंगळवारी सकाळी पोस्टमनकाका ऑफिसात आले. हळूच दार लोटून घेतलं आणि नर्सबाईंच्या अक्षरातला एक कागद टेबलावर ठेवत म्हणाले,



"साहेब, बाकावर आता जागा पुरत नाही. गच्चीला कुलूप लावायची नोटीस कधी काढताय? पाळ्या आम्ही लावून ठेवल्यात."