स्वच्छ रेकॉर्डिंग

आई गेल्याला महिना झाला, तेव्हा मुलीने विचारलं, "बाबा, तुम्ही काढलेले आईचे फोटो पुष्कळ आहेत. तिचा आवाज आहे का कुठे?"

बाबांचा चेहरा उजळला. पोटासाठी जन्मभर प्रोग्रॅम लिहिले, तरी रविवारची सकाळ त्यांनी कॅमेऱ्याला आणि दुपार व्हायोलिनला राखून ठेवली होती. रेकॉर्डिंग ऐन रंगात आलं की नेमकी स्वयंपाकघरातून हाक यायची, "अहो, चहा निवतोय." की बाबा चिडायचे, "तुझ्या चहापायी सगळं मुसळ केरात!" शेवटी त्यांनी एक प्रोग्रॅमच लिहिला, बायकोचा आवाज ओळखून तेवढाच पुसून टाकणारा. झाडून सगळी रेकॉर्डिंग त्यातून काढली आणि जागा अडते म्हणून मूळ फाइली उडवून टाकल्या.

हे त्यांना पहिली फाइल लावल्यावर आठवलं. तरीही ते एकेक लावत गेले. नुसतं व्हायोलिन, आरशासारखं लख्ख. प्रोग्रॅममध्ये एकही चूक नव्हती.

"बाबा, दर वेळी मधेच व्हायोलिनचा गज का अडखळतो?"

बाबांनी तीच जागा पुन्हा लावली.

"तिथे तुझी आई म्हणतेय, चहा निवतोय."