झांजेचा आवाज

सुपेल्यातल्या आपल्या दुकानात डोमाजींनी भाऊरावांच्या जुन्या स्पीकरचा क्रॉसओव्हर दुरुस्त केला. जाड आवाज मोठ्या पडद्याकडे आणि बारीक आवाज छोट्याकडे पाठवणारा हा भाग. त्यातले सुकलेले कपॅसिटर बदलून त्यांनी भजनाची टेप लावली. झांज खणखणीत वाजली.

"तबलाच वाजून राहिला. झांज कुठी गेली?" भाऊराव म्हणाले. "तुमचा हात आता म्हातारा झाला, डोमाजी." आणि हसत हसत ते चहा सांगायला बाहेर गेले.

त्यांची बायको सिंधुताई मागेच थांबली. हळू आवाजात म्हणाली, "डोमाजीभाऊ, पार्ट भेटत नाही म्हणून सांगा. स्वतःचे कान गेले हे यायले समजलं, तर हे स्वतःच प्लांटात जाऊन सांगतील. मग क्रेनवरून उतरवतील यायले. रिटायरमेंटले एकच वर्ष राह्यलं."

"क्रेन तर खालच्या माणसाच्या शिट्टीवर चालते, वहिनी."

"यायले अंदाज हाय न. आजवर काही झालं का?"

डोमाजींनी टेप बंद केली.

"यायच्या क्रेनखाली शिट्टी मारते, तो माझा पोरगा हाय."