बेशरमाची पहिली काडी

"हे एवढं एकच राहिलं, मावशी," करुणानं झुडपाला लाल रिबन बांधली. "बाकी सगळा काठ तुम्ही बायकांनी साफ केला. हेच कसं सुटलं?"

चतुराबाई खुरपं पदराला पुसत राहिली. आठ दिवस ती देवगाव रंगारीच्या बायकांबरोबर मजुरीनं शिवनेकाठचं बेशरम काढत होती. आणि आठही दिवस या एका झुडपाला वळसा घालून जात होती.

बेशरम म्हणजे खरोखर बेशरमच! तोडावं तर फुटतं, तोडलेली फांदी ओलीत पडली तर तीही फुटते. गुरं तोंड लावत नाहीत. बघता बघता या झाडानं नदीचं पाणी अडवलं होतं. करुणा त्याचाच सर्व्हे करायला संभाजीनगरहून आली होती. पुलापासून उगमाच्या दिशेनं येत ती एकेक जागा मोबाइलवर टिपत होती.

"आणि गंमत बघा, इथून वर एक काडी नाही. सगळं पुराबरोबर इथूनच खाली पसरलंय. हे पहिलं कुणीतरी मुद्दाम लावलंय. कुंपणाला असेल."

"आमच्या माणसानं लावलं," चतुराबाई म्हणाली.

करुणानं मान वर केली.

"पोरगी व्हती. सात महिन्यांची. दात आले नव्हते, म्हणून पुरली. आम्हा बायांना कुठं येऊ देत्यात? ह्यांनी घरी येऊन सांगितलं, उशाला बेशरमाची काडी खोचलीय, ती जगंलच, तुला जागा सापडंल." तिनं झुडपाच्या खोडावर हात ठेवला. "बावीस वर्षं सापडतीय."

करुणा रिबनची गाठ सोडू लागली. "राहू द्या मावशी. सगळं काढलं असं लिहिते मी."

"लिहून काय व्हतंय? एक पूर आला की पुन्हा पुलापत्तुर." चतुराबाईनं खाली पाहिलं. पुलापर्यंतचा काठ उघडाबोडका पडला होता. "लई गोतावळा केला व्हता पोरीनं," ती म्हणाली. तिला हसू आलं आणि हसता हसता रडू फुटलं.

मग तिनं डोळे पुसले आणि खाली बसली. मूळ खोल होतं, करुणानं मदतीला टिकाव उचलला.

"टिकाव नको!" चतुराबाई ओरडलीच. मग हळू आवाजात म्हणाली, "लागंल तिला."

तिनं खुरपंही बाजूला ठेवलं. हातानं माती सारत सारत मूळ मोकळं केलं, शेवटच्या तंतूपर्यंत. खड्डा परत भरला, वरून तळव्यानं थोपटला. फांद्या, मुळं, गळलेली दोन जांभळट फुलं, सगळं वेचून गोणीत भरलं.

ट्रॉली वर रस्त्याला उभी होती. बाकीच्या बायका आपापल्या गोण्या डोक्यावर घेऊन निघाल्या. चतुराबाईनं तिची गोणी कडेवर घेतली आणि काठ चढू लागली.