वरची ओळ

वहिनी छापखान्याच्या पायरीवर आल्या तेव्हा चौकात चिटपाखरू नव्हतं. मतमोजणी केव्हाच संपली होती, निकाल ज्याच्या त्याच्या खिशात वाजून गेला होता. बाहेरच्या भिंतीवरच्या फळ्यासमोर पंक्चर काढणारा सायकलवाला मात्र हात मागे बांधून उभा होता. सगळं गाव त्याला 'डिपॉझिट' म्हणायचं. दर निवडणुकीला उभा राहायचा आणि दर वेळी डिपॉझिट घालवून बसायचा. हरणं त्याच्या पाचवीलाच पुजलेलं. आज मात्र तो निवडून आला होता.

"वहिनी, फळा कोरा दिसतोय," तो म्हणाला.

"आता कुणासाठी लिहू, भावोजी? गावाला कळलंय सगळं."

"गावाला कळलं असेल. मला फळ्यावर दिसल्याशिवाय काही खरं वाटत नाही. आणि सोमवारी फळाच उतरणार, मग कधी दिसायचं?"

ते खरंच होतं. वहिनींच्या नवऱ्यानं, म्हणजे संपादकांनी, चालवलेलं साप्ताहिक त्यांच्या माघारी वहिनींनी ओढत ओढत इथवर आणलं होतं. कुणाकडे पाहुणे आले, कुणाची गाय व्याली, कुणाची छत्री विहिरीवर सापडली, सगळं त्यात यायचं, आणि लोक आपलीच बातमी पुन्हा पुन्हा वाचायचे. आता छत्री हरवली तरी फोटो आधी मोबाईलवर फिरतो. शेवटचा अंक निघाला होता. सोमवारपासून जागा मोबाईलच्या दुकानाला जाणार होती.

वहिनी आत जाऊन खडू आणि स्टूल घेऊन आल्या. या स्टुलावर संपादक चढायचे ते कानावर खडू अडकवून. खाली मुंगी शिरायला जागा नसायची, पोरं बापाच्या खांद्यावर, बायका समोरच्या गच्चीवर. जिंकलेल्याचं नाव वरच्या ओळीत, हरलेल्याचं खालच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी हरलेल्यानं चारचौघांत फळा पुसायचा आणि जिंकलेल्यानं त्याला चहा पाजायचा, अशी रीतच पडली होती. पुसलं की विषय संपला. एवढ्या निवडणुका झाल्या, पण चहा न पिता कुणी घरी गेलं नाही. वहिनींना वाटलं, हे असते तर आज स्टुलावर नाचले असते.

"तुमचा हरलेला कुठाय? उद्या पुसायला येईल ना?"

"त्यानं मोबाईलवर आकडा बघितला आणि गाडी फिरवून गेला. नवखा आहे. त्याला काय ठाऊक आपली रीत."

"नाव कुठलं लिहू?"

"डिपॉझिटच लिहा. खऱ्या नावानं मला बायकोसुद्धा ओळखत नाही."

वहिनींनी खालची ओळ आधी लिहून टाकली. मग त्या स्टुलावर चढल्या आणि वरच्या ओळीला खडू लावला. खडू सरकला. काही उमटलं नाही. त्यांनी दाबून लिहिलं, तर खडूचे दोन तुकडे झाले. फळ्याचा तेवढाच पट्टा गुळगुळीत, काळाभोर, चकाकत होता.

वहिनींनी मान वळवून सायकलवाल्याच्या खांद्याकडे पाहिलं. चेन पुसायचं तेलकट फडकं नेहमीसारखं तिथंच होतं. दर निवडणुकीनंतर तो याच फडक्यानं फळा पुसायचा, आणि वरचं नाव आधी, अंगातली सगळी ताकद लावून. संपादक ओरडायचे, "अरे, राग माणसावर काढ, फळ्यानं तुझं काय घोडं मारलंय?"

"करावं तसं भरावं, भावोजी," वहिनी म्हणाल्या. त्यांना हसू आवरेना.

तो हसला नाही. मान खाली घालून उभा राहिला. "खालीच लिहा मग," तो म्हणाला. "तिथं माझं नाव बरं उमटतं. सवय आहे फळ्याला."

वहिनींचं हसू ओसरलं. त्या आत गेल्या आणि साबणाची वडी, काथ्या आणि बादली घेऊन आल्या. त्यानं बादली हातातून घेतली.

"जिंकलेल्यानं घासायची रीत नाही," त्या म्हणाल्या.

"तेल कुणाचं आहे?"

तो स्टुलावर चढला आणि बाह्या सरसावून घासायला लागला. काळा फेस भिंतीवरून ओघळला, त्याच्या धुतलेल्या सदऱ्यावर उडाला. वहिनी खालून तांब्यानं पाणी देत राहिल्या. फळा लाकडासारखा खरखरीत लागेपर्यंत त्यानं हात थांबवला नाही. मग तो उतरला आणि वहिनी चढल्या. ओल्या फळ्यावर त्यांनी सावकाश, नवऱ्याच्या वळणानं, मोठ्या अक्षरांत नाव लिहिलं.

"दिसत नाही काही," तो म्हणाला.

"ओलं आहे. वाळू द्या."

दोघं पायरीवर बसले. एक बाई पिशवी घेऊन चौकातून गेली, फळ्याकडे न बघता.

"उद्या पुसणार कोण, वहिनी?"

"कुणी नाही. सोमवारपर्यंत राहील."

सवयीनं त्याचा हात खांद्यावरच्या फडक्याकडे गेला. त्यानं ते काढलं, नीट घडी घातली आणि बुडाखाली घेऊन बसला. फळ्यावर पहिल्या अक्षराची वेलांटी पांढरी व्हायला लागली होती.