सुटी पानं

हजेरीआधी रोज "आपलं काही खरं नाही" म्हणणाऱ्या सरांवर त्यांच्याच विद्यार्थ्याने, ताबुचीने, विनोदी चित्रकथा काढली. ती गाजली, टीव्हीवरही आली. सरांनी मात्र कधी अवाक्षर काढलं नाही.

"रागावले असणार," दहनाआधी सरांच्या शवपेटीशी तो त्यांच्या मुलीला, मिसुझुला म्हणाला. "मग मी चित्रंच सोडली. आता टायर विकतो."

"बाबा मलाही कुठे काही सांगायचे," म्हणत तिने त्यांच्या कपाटात सापडलेली त्या कथेची प्रत पेटीत ठेवली.

"जाड पुस्तक नीट जळत नाही," दाहगृहातला माणूस म्हणाला. "पानं सुटी करा."

तिने पुस्तक उसवलं.



शेवटच्या पानावर, चांगल्या गृहपाठाला सर द्यायचे तसं लाल शाईचं फूल होतं आणि खाली लिहिलं होतं, "पुढचा भाग कधी?"