प्रयोग क्रमांक चार

तपासणीस साहेबांनी पिशवीतल्या चष्म्याच्या डबीतून थर्मामीटर काढला आणि मुख्याध्यापकांचं हसू जरा आखडलं.

"नवीन नियम आलाय," साहेब म्हणाले. "प्रयोगशाळेच्या अटीतून सूट मागणाऱ्या शाळेत एक तरी प्रयोग समोर करून घ्यायचा. तेवढं उरकून टाकू. मला अजून तीन शाळा गाठायच्यात."

शाळेचा अर्ज त्यांच्यापुढे उघडाच होता. जागेअभावी प्रयोगशाळा उभारता येत नाही, तरी सरकारी नियमातून आणखी तीन वर्षं सूट मिळावी. आता गंमत अशी, की साहेब बसले होते ती खोली प्रयोगशाळेसाठीच बांधलेली. भिंतीलगतचे ओटे जागच्या जागी होते. ओट्यांवरच्या बेसिनांत शोभेच्या कुंड्या ठेवल्या होत्या आणि मधोमध संचालकांच्या बैठकीचं लांबलचक टेबल. बैठक महिन्यातून एकदा. एरवी खोलीला कुलूप असायचं.

विज्ञानाच्या बाई दाराशी उभ्या होत्या. विचारलं तेवढंच बोलायचं, असं मुख्याध्यापकांनी सकाळीच बजावलं होतं. गेली नऊ वर्षं बाई फळ्यावर प्रयोग करत आल्या होत्या. खडूची परीक्षानळी, खडूचा दिवा, ज्योतसुद्धा खडूचीच. आकडे त्या सांगायच्या आणि मुलं ते प्रयोगवहीत सुवाच्य अक्षरात उतरवायची. आजही सूट मिळाली, की आठवीची मुलं दहावी होऊन बाहेर पडणार, हातात एकही काचेची नळी न धरता. बाईंना रात्रभर हेच डाचत होतं.

आठवीत पहिली येणारी मुलगी वही घेऊन आली. मुख्याध्यापकांनी मुद्दाम तिलाच बोलावलं होतं.

"पाण्याच्या तापमानाचा प्रयोग झालाय ना तुमचा?" साहेबांनी विचारलं.

"हो सर. प्रयोग क्रमांक चार."

"मग दाखव करून. हे पाणी घे."

साहेबांसाठी फ्रीजमधून आणलेला पेला टेबलावर तसाच होता, बाहेरून घामेजलेला. मुलीने थर्मामीटर आधी उलटा धरला. बाईंकडे बघून सुलटा केला, पाण्यात सोडला आणि मग त्याच्याकडे ढुंकूनही न बघता लिहायला बसली. साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. प्रत्येक शब्दाखाली पट्टीने रेघ मारली. पाच मिनिटांत कागद साहेबांपुढे ठेवला.

"निरीक्षण, पाण्याचे तापमान शंभर अंश," साहेबांनी वाचलं. "अनुमान, पाणी शंभर अंशाला उकळते. बरोबर. अक्षरही छान आहे हो."

"पुस्तकातही हेच आहे, साहेब," मुख्याध्यापकांची कळी खुलली. "प्रयोगशाळेवाचून आमच्या मुलांचं काही अडत नाही, म्हणतो ते उगीच नाही."

साहेबांनी पेनचं टोपण काढलं आणि अहवालात लिहू लागले. लिहिता लिहिता बोलत होते, "प्रयोगशाळेअभावी विद्यार्थ्यांचे नुकसान होत नसल्याचे समक्ष दिसून आले."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. समक्ष म्हणे. पेला समोर, त्याच्या बुडाशी टेबलावर पाणी निथळलेलं, आणि दोन्ही शहाण्यांचे डोळे कागदावर. मुलीचा मात्र त्यांना राग येईना. उकळत्या पाण्याचा प्रयोग तिला पाण्याशिवाय शिकवला कुणी? त्यांनीच तर शिकवला होता. ती लाज रागाहून जास्त झोंबली.

त्या पुढे झाल्या. थर्मामीटर काढून बाजूला ठेवला आणि पेला साहेबांपुढे सरकवला.

"प्या, साहेब."

"नको, नको. राहू द्या."

"प्या ना. फक्त फुंकून प्या. शंभर अंशाचं आहे."

साहेबांचं पेन थांबलं. मुख्याध्यापक खुर्चीतून अर्धवट उठले. "बाई, तुम्हाला कुणी विचारलंय का?"

"नाही ना, सर. नऊ वर्षांत कुणीच विचारलं नाही."

मुलीचा चेहरा पडला. तिने पेल्याला बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं. "बाई, पण वहीत तर..."

"वहीतलं मी सांगितलं होतं. तुझं काही चुकलं नाही, बाळा. आता थर्मामीटर पुन्हा पाण्यात सोड आणि नुसता बघ. मला काय हवंय, साहेबांना काय हवंय, काही मनात आणू नकोस. दिसेल ते सांग."

मुलगी वाकली. डोळे थर्मामीटरच्या रेघांच्या पातळीला येतील इतकी खाली वाकली. त्या बारीक रेघा कशा मोजायच्या हे तिला ठाऊक नव्हतं, म्हणून ती दहाच्या आकड्यावर बोट ठेवून वर सरकू लागली. मध्येच चुकली, पुन्हा दहावर आली. मुख्याध्यापक खाकरले. साहेबांनी घड्याळ पाहिलं. बाई जागच्या हलल्या नाहीत.

"अकरा," ती म्हणाली. मग आणखी जवळ जाऊन, "नाही, अकराच्या थोडं वर आहे. बाई, हे हळूहळू चढतंय."

ती खुदकन हसली. नऊ वर्षांत बाईंनी विज्ञानाच्या तासाला कुणाला असं हसताना पाहिलं नव्हतं. मग तिचं लक्ष साहेबांपुढच्या आपल्या कागदाकडे गेलं आणि ती ओशाळली.

"बाई, मी ते शंभर खोडू?"

बाईंनी साहेबांच्या अहवालाकडे पाहिलं. मग सरळ साहेबांकडे.

"थांब जरा," त्या मुलीला म्हणाल्या. "आधी साहेब खोडतील."