डब्यातला खेळ

संयोगितानं यूट्यूब बघून बघून एकेक भाग निवडला आणि आयुष्यातला पहिला गेमिंग कॉम्प्युटर कागलच्या घरी आणला. आईनं त्याला हार घातला, नारळ फोडला. पेढे खाऊन अख्खी गल्ली खेळ बघायला पुढच्या सोप्यात मांडी घालून बसली.

तिनं बटण दाबलं. काचेच्या डब्यात पंखे फिरले, लाल-निळे दिवे लागले. आणि तेव्हा कुठं तिच्या ध्यानात आलं, स्क्रीन घ्यायचीच राहिली!

आता गल्लीसमोर कबूल कोण करणार? ती दणादण कीबोर्ड बडवत राहिली. दिवे रंग बदलत राहिले. कुणी जागचं हललं नाही.

शेवटी शेजारच्या पिराजीतात्यांना राहवलं नाही.



"व्हय गं, जिंकलीस का हरलीस, तेवढं तरी सांग की!"